चूक कुणी पाहिली?

१९९२ च्या एप्रिलमधली गोष्ट. ऐन लग्नसराई. आमच्या छापखान्यातून एका पत्रिकेच्या सातशे प्रती छापून, घडी घालून, पाकिटांसकट गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्या. संध्याकाळी वधूचे वडील त्यातलीच एक प्रत हातात घेऊन दारात उभे. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून खालच्या पत्त्यापर्यंत सगळं ठीक होतं. फक्त १७ मे या तारखेपुढे सोमवार छापला होता, आणि त्या वर्षी १७ मेला रविवार होता. ते गृहस्थ आवाज चढवून बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, मांडव उतरल्यावर माणसं आली तर हो?"

त्या रात्री बसून आम्ही सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या. कागद आमचा, शाई आमची, रात्रपाळीची मजुरी आमची. ते नुकसान मी केव्हाच विसरले असते. पण सकाळी आमचे फोरमनकाका चहाचा पेला हातात धरून माझ्या टेबलापाशी आले आणि खाली बघत म्हणाले, "ताई, ते प्रूफ मशीनवर पडलं होतं तेव्हा मी पाहिलं होतं. वार चुकलाय हे दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत, काका?"

"काचेच्या खोलीतलं काम ते. मला कुणी विचारलं नव्हतं."

हल्ली तरुण उद्योजक मला विचारतात की, काळ इतक्या झपाट्यानं बदलत असताना माणसांना बरोबर कसं न्यायचं, कामाच्या जागेचं वळण कसं टिकवायचं. माझ्या सगळ्या उत्तरांची सुरुवात काकांच्या त्या वाक्यापासून होते. ज्याला चूक दिसते तो तोंड उघडतो की नाही, यावर त्या जागेचं वळण ओळखावं. भिंतीवर लावलेल्या सुविचारांवरून ते कळत नाही, पगाराच्या आकड्यावरूनही नाही.

आमचा छापखाना नारायण पेठेत, पत्र्या मारुतीकडून केसरीवाड्याकडे जाताना लागणाऱ्या एका बोळात होता. जुना वाडा, खाली दोन ट्रेडल आणि एक सिलिंडर मशीन, माडीवर खिळ्यांच्या केसेस. इंग्रजीच्या जुळाऱ्याला सव्वीस अक्षरांचा लहान-मोठा संच पुरतो. मराठीच्या जुळाऱ्यापुढे शेकडो खण असतात. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार, प्रत्येकाची जागा वेगळी. डाव्या हातात स्टिक, अंगठ्यानं ओळ धरलेली, उजवा हात खणांवरून फिरतोय आणि डोळे मात्र हस्तलिखितावर. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. ती बोटाला लागली की खिळा सुलटा आला हे न बघताच कळतं. जुळलेला मजकूर उलटा असतो, आणि ही माणसं तो उलटाच वाचत, आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या सहज. लहानपणी मला तो जादूचा प्रकार वाटायचा.

त्या हातांमध्ये आणखी एक गोष्ट होती, जी मला पुष्कळ उशिरा कळली. काका फक्त अक्षरं जुळवत नव्हते. तीस वर्षं पत्रिका, अहवाल, श्राद्धाची कार्डं आणि दिवाळी अंक जुळवताना त्यांना सगळ्या रीती पाठ झाल्या होत्या. वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.' लागतं, तारीख आली की तिथी आणि वार पंचांगाशी ताडून बघायचे, आजोबा हयात नसतील तर नाव कुठे आणि कसं घ्यायचं. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं आणि त्यांच्या पगारात त्याचा हिशेब नव्हता.

आमच्याकडचं मूळ वळण माझ्या वडिलांनी घालून दिलेलं. त्याची माझी पहिली आठवण पानशेतच्या पुराची आहे. १२ जुलै १९६१, बुधवार. मी आठ वर्षांची होते. सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं. पाणी ओसरल्यावर बाबांबरोबर मी बोळाच्या तोंडाशी गेले तेव्हा आमच्या माडीच्या कठड्यापर्यंत चिखलाची रेघ होती. कागदाच्या रिमांचा लगदा झालेला. केसेस फुगून उकललेल्या, आणि गाळात सगळीकडे खिळे, डाळीत खडे असावेत तसे. खडकवासलाही फुटल्यामुळे शहराला प्यायला पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर येतोय अशी अफवा उठली आणि माणसं मुलांना कडेवर घेऊन पर्वतीच्या दिशेनं धावत सुटली.

जुळारी आणि मशीनवाले तिसऱ्या दिवशी आपणहून आले, खराटे घेऊन. बाबांनी त्यांना परत पाठवलं. म्हणाले, आधी आपापली घरं उपसा, छापखाना पळून जात नाही. आईच्या पाटल्या गहाण टाकून त्यांनी प्रत्येकाला महिन्याचा पगार आगाऊ दिला. मग दोन आठवड्यांनी सगळे परत आले आणि घमेल्यात पाणी घेऊन एकेक खिळा धुवायला बसले. शिशाचा खिळा, त्याला पाण्याचं भय नाही. मीही त्यात होते. 'ळ' आणि 'क' चिखलात सारखेच दिसतात हे मला तेव्हा कळलं. बाबांनी एकदाही कुणाला 'जरा हात उचला' म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते स्वतः पाटावर बसून जोडाक्षरं वेगळी करत होते.

हे सगळं पाहिलेलं असूनही मी १९९१ साली जे केलं ते केलं.

बाबा गेल्यावर छापखाना माझ्याकडे आला होता. तोवर ऑफसेट सगळीकडे पसरलं होतं आणि पाठोपाठ संगणकावरची जुळणी आली. यात पुणं पुढेच होतं. सी-डॅक १९८८ मध्ये इथेच सुरू झाली आणि तिच्या जिस्ट तंत्रामुळे भारतीय लिप्या संगणकावर उमटू लागल्या. पुढे पुण्याच्याच मॉड्युलरचं श्रीलिपी आलं आणि पेठेतल्या घराघरात डीटीपीच्या पाट्या लागल्या. मला दिसत होतं की खिळ्यांचे दिवस भरले. मी कर्ज काढून दोन संगणक आणि एक लेझर प्रिंटर घेतला. धूळ लागू नये म्हणून माडीच्या कोपऱ्यात काचेची खोली केली, तिला वातानुकूलन बसवलं, बाहेर चपला काढायची पाटी लावली. टायपिंग क्लास केलेली दोन मुलं नेमली. आणि शाईनं काळ्या झालेल्या हातांच्या माणसांनी आत येऊ नये, असं मी अगदी गोड शब्दांत सांगितलं.

कारण धुळीचं होतं, ते खरंच होतं. पण ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं असेल याचा मी विचार केला नाही. माझ्या मनात असाही एक समज होता की पन्नाशीच्या माणसांना आता हे जमणार नाही, त्यांना उगीच त्रास कशाला द्या. ही दया होती असं मला वाटायचं. आज त्याला मी अपमान म्हणते.

पत्रिकेच्या प्रकारानंतर चार दिवस मला नीट झोप लागली नाही. मुलांची चूक नव्हती. त्यांना समोर दिलेला कागद टाइप करायचा एवढंच माहीत होतं, वार चूक असू शकतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना मी काचेबाहेर उभं केलं होतं. पाचव्या दिवशी सुताराला बोलावून काचेची भिंत काढली. एक संगणक माडीच्या मधोमध आणला आणि त्याच्यापुढे पहिली मी बसले. मला टाइप करता येत नव्हतं. दोन बोटांनी अक्षरं शोधत मी एक लेटरहेड केलं, आणि ते सगळ्यांच्या देखत फसलं. मात्रा एकीकडे, रफार भलत्याच अक्षरावर. एका मशीनवर केलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला तर अक्षरांच्या जागी ठिपके आणि चौकोन. काका मागे उभे होते. ते पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, "ताई, हे पाय झालं की!" खिळे विखरून त्यांचा काला झाला की छापखान्यात त्याला पाय झाला म्हणतात. त्या एका शब्दानं नवं यंत्र जुन्या धंद्यात आलं असं मला वाटलं.

मग आम्ही जोड्या लावल्या. एक मुलगा, एक जुळारी. मुलानं कळा शिकवायच्या, जुळाऱ्यानं ओळ शिकवायची. ओळ कुठे तोडायची, दोन शब्दांत किती कोरं सोडायचं, शेवटच्या ओळीत एकटं अक्षर का राहू द्यायचं नाही. काकांना कळफलक यायला पाच महिने लागले. त्यांची गती त्या मुलांच्या निम्मीही कधी झाली नाही, पण त्यांनी केलेल्या पानाला प्रूफाची फेरी एकच लागे.

आणि एक वही सुरू केली. लाल कापडी बांधणीची, दुकानात खतावणीला वापरतात तसली लांबट चोपडी. नियम एकच: चूक काय झाली ते लिहायचं, ती कुणी पाहिली ते लिहायचं, कुणी केली ते लिहायचं नाही. रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की आदल्या दिवसाचं पान मोठ्यानं वाचायचं आणि मगच मशीन सुरू करायचं. पहिले आठ-दहा दिवस वही कोरी राहिली. चोपडीकडे बघायला कुणी तयार नव्हतं. चुका लिहून ठेवायच्या म्हणजे पुढे पगारवाढीच्या वेळी मालकीणबाई काढून दाखवणार, हा अनुभव त्यांच्यापैकी काहींना दुसरीकडे आलेला होता. शेवटी काकांनी पेन उचललं. ती नोंद अजून माझ्यापाशी आहे, ठसठशीत अक्षरात: 'पत्रिकेत वार चुकला. मी पाहिलं होतं, बोललो नाही.'

त्यानंतर वही भरायला लागली. पावती पुस्तकाचा क्रमांक दोनदा आला, पाहिलं बाइंडरनं. अहवालात अध्यक्षांच्या नावात ऱ्हस्व-दीर्घ, पाहिलं चहा देणाऱ्या मुलानं. हा मुलगा तेव्हा रात्रशाळेत नववीत होता, आणि त्याच्या नावाची नोंद वाचली गेली त्या दिवशी तो जिन्यावरून दोनदा उगाचच वर-खाली गेला. पुढे तो आमच्याकडेच मुद्रितशोधनाला बसला.

मला वाटायचं, हे आपलं घरगुती शहाणपण. खूप वर्षांनी मुलीनं सांगितलं की हार्वर्डच्या एमी एडमंडसन नावाच्या बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांमध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांमध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या. कारण शोधता शोधता त्यांच्या लक्षात आलं की त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, लपवल्या जात नव्हत्या. बिनघोर बोलता येण्याच्या या वातावरणावर त्यांनी १९९९ मध्ये जो निबंध लिहिला, तो व्यवस्थापन शिकणारी मुलं आजही वाचतात. जपानात टोयोटाच्या कारखान्यात तर कामगाराच्या हाताशी दोरी असते. काही बिनसलेलं दिसलं की साध्यातल्या साध्या कामगारानं ती ओढायची. मुकादम धावत येतो, आणि दोष तिथल्या तिथे निघाला नाही तर सगळी ओळ थांबते. थांबवणाऱ्याला कुणी बोल लावत नाही. आमची लाल चोपडी म्हणजे आमच्या ऐपतीची दोरी होती.

या गोष्टीचा विचार करताना माझं मन पुन्हा पुन्हा आमच्या शेजारी जातं. केसरीवाडा छापखान्यापासून चालत दोन मिनिटांवर. टिळकांनी तो गायकवाडांकडून १९०५ मध्ये घेतला, तोवर 'केसरी'ला चोवीस वर्षं झाली होती. ४ जानेवारी १८८१ ला तो निघाला तेव्हा संपादक होते आगरकर. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघं डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र राहिले. इतकी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसं, पण सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचं पटेना. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी'चं संपादकपद सोडलं आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. 'केसरी'ला जे घरातून ऐकायला मिळत होतं ते आता परक्या पत्रातून, आणि पुष्कळ जास्त धारेनं, ऐकावं लागलं. १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, आगरकर गेले. त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी 'केसरी'त लिहिला.

या दोन माणसांबद्दल बोलायची माझी पात्रता नाही हे मी जाणते. पण चाळीस वर्षं चौदा-पंधरा माणसांचा संसार केलेली बाई म्हणून मला वाटतं की, तोंडावर 'तुम्ही चुकताय' म्हणणारा माणूस एका छपराखाली टिकवून ठेवणं हे इतक्या मोठ्या माणसांनाही साधलं नाही, एवढं ते अवघड आहे. मी ते कधी सोपं म्हणून सांगत नाही.

पण त्याच वास्तूनं दुसरीही बाजू दाखवली. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, आणि टिळक मंडालेला गेले. ज्याच्या लेखणीवर पत्र उभं होतं तोच गेला, तरी 'केसरी' चालू राहिला, कारण मागे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर होते, न. चिं. केळकर होते. केळकरांना टिळकांनी १८९६ मध्ये साताऱ्याहून पुण्यात आणलं होतं. त्यांचा पिंड टिळकांपेक्षा कितीतरी मवाळ. आपल्यासारखं न लिहिणाऱ्या माणसाच्या हाती त्यांनी आपलं पत्र द्यायचा धीर दाखवला, याचं मला फार वाटतं. आज त्याच केळकरांच्या नावाचा रस्ता आमच्या पेठेतून जातो, आणि मी भाजी आणायला त्याच रस्त्यानं जाते.

आमच्याकडे सगळंच गोड झालं असं नाही. दोघा जुळाऱ्यांना संगणक मानवला नाही. एकजण नातेवाइकाच्या दुकानात गेला, अधूनमधून भेटायला यायचा. दुसरा भोरकडचा. त्याचे डोळे अधू झाले होते, पडद्याकडे बघितलं की पाणी यायचं. तो म्हणाला, "ताई, मी गावी जातो," आणि मी हिशेब करून पैसे हातात दिले. त्या आठवड्यात दोन दिवाळी अंकांचं काम होतं, मी टेबलावरून उठलेही नाही. पुरात बाबांच्या शेजारी बसून 'क' आणि 'ळ' निवडायला मला ज्यानं शिकवलं तो हा माणूस. त्याला जिन्यापर्यंत सोडायलाही मी गेले नाही. वहीत ही चूक कुणी लिहिली नाही. मी लिहायला हवी होती.

१९९४ मध्ये खिळे विकले. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा तो मिश्रधातू. भट्टीवाला किलोनं घेतो. तो तराजू आणि पोती घेऊन सकाळी नऊला आला. शेवटच्या कामाचे काही फर्मे अजून बांधलेलेच होते. मी म्हटलं, तसेच टाका पोत्यात, वितळायचंच आहे. काका म्हणाले, "नाही ताई, आधी सोडू." काम झालं की जुळलेला मजकूर मोकळा करून प्रत्येक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा, ही रोजची शिस्त. त्या दिवशी काका आणि उरलेले तिघं केसेसपुढे उभे राहिले आणि चार तास खिळे सोडत बसले. जे संध्याकाळी भट्टीत जाणार होते ते. भट्टीवाला घड्याळ बघत होता. मी त्याला चहा पाजला, मग दुसरा पाजला, आणि गप्प राहिले. त्या काळात जी मोजकी कामं माझ्या हातून नीट झाली, त्यात हे गप्प राहणं मी धरते. एक केस मात्र ठेवून घेतली. ती आज आमच्या ऑफिसात दाराशी आहे.

मशीनं आता धायरीला गेली, पेठेत राहिलं ते डिझाइनचं ऑफिस. २०२० च्या टाळेबंदीत पत्रिकांचं काम एका आठवड्यात शून्यावर आलं. पेठा पत्रे लावून बंद झाल्या तेव्हा मुलीनं बाबांचंच केलं, आधी सगळ्यांना घर सांभाळायला सांगितलं आणि पगार निम्मा का होईना चालू ठेवला. स्वतः काही घेतलं नाही. अकरा माणसं घरून काम करायची. वही कशी चालवायची हा प्रश्न होता. तर रोज सकाळी दहाला फोनवर सगळे जमायचे आणि ज्याची पाळी असेल तो चुका वाचायचा. आता यंत्र आपणहून मजकूर लिहून देतं, चित्र काढून देतं. मुलं विचारतात, "ताई, आमचं काय होणार?" मी खोटा धीर देत नाही. त्यांना मी दाराशी ठेवलेल्या केसपाशी नेते, काकांची गोष्ट सांगते, आणि विचारते की तुम्हाला असं काय दिसतं जे यंत्राला दिसत नाही. काहींना उत्तर लगेच सुचतं, काही विचारात पडतात.

काका २०११ मध्ये गेले. वही आता नववी चालू आहे.

गेल्या महिन्यात एक मुलगी नव्यानं आली. तेवीस वर्षांची, मूळची बार्शीकडची, अगदी हळू बोलणारी. तिला येऊन दहा दिवस झाले होते. एका साखरपुड्याच्या पत्रिकेचा मजकूर मी स्वतः फोनवरून तिला सांगितला होता, तिथीसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी उदबत्ती झाली, माझ्या मुलीनं वही उघडली आणि वाचता वाचता थबकली. मग माझ्याकडे न बघता पुढे वाचलं: 'तिथी चुकली आहे. पंचांग पाहिलं.' खाली बारीक अक्षरात त्या मुलीचं नाव होतं. ती भिंतीला टेकून उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

मी चष्मा लावला, पंचांग मागवलं आणि ताडून पाहिलं. मग धायरीला फोन केला आणि मशीन थांबवायला सांगितलं.